शाळा, पालक आणि परस्परविश्वास

करवीर संस्थानात 1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी रुपया ही मजुराच्या घरी लहान रक्कम नव्हती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि 1906 मध्ये तो राज्यभर लागू केला. नामदार गोखल्यांनी 1911 साली असेच विधेयक वरिष्ठ कायदेमंडळापुढे आणले, ते पुढच्या वर्षी नामंजूर झाले. या सर्व थोर पुरुषांच्या मनातील पालकाचे चित्र एकच होते. पालक अडाणी आहे, त्याला मुलाच्या हातचे काम हवे आहे, शाळेचे मोल त्याला कळत नाही, तेव्हा त्याला ओढून आणले पाहिजे. त्या काळाला धरून ते चित्र पुष्कळसे बरोबर होते.

आजचा पालक याच्या अगदी उलट आहे. मुलाला शाळेत घालण्यासाठी तो रांगेत उभा राहतो, कर्ज काढतो, बदली टाळतो, वेळ पडल्यास घर बदलतो. आपण न शिकलेली इंग्रजी मुलाला यावी म्हणून मिळकतीचा मोठा हिस्सा फीमध्ये घालतो. ज्याला ओढून आणावयाचे तोच आता दाराशी येऊन उभा आहे. आणि तरीही शाळा व पालक यांच्यात विश्वास वाढला आहे काय, असे कोणत्याही शिक्षकास किंवा कोणत्याही आईबापास विचारून पाहा. शिक्षक म्हणतील, हल्लीचे पालक लगेच अंगावर येतात. पालक म्हणतील, शाळा काही सांगतच नाही, सांगते ते पैशाचे तेवढे. आमच्या मते या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. पालक शंभर वर्षांत बदलला, परंतु त्याच्याशी बोलण्याची शाळेची रीत अजून त्या दंडाच्या नोटिशीचीच राहिली आहे. शाळा पालकाला कळविते; त्याला विचारीत नाही.

हे विधान कोणास कडक वाटेल, म्हणून शाळेकडून घरी जाणाऱ्या मजकुराकडेच एकदा नीट पाहू. फी भरण्याची मुदत, गणवेशातील त्रुटी, गैरहजेरीचा दाखला, सहलीची संमती, स्नेहसंमेलनाचे निमंत्रण आणि वर्षातून दोनदा प्रगतिपुस्तक. 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि घरोघरच्या भ्रमणध्वनीवर वर्गाचे व्हॉट्सॲप गट सुरू झाले. शाळा पुन्हा भरल्या, तरी ते गट राहिले. पुष्कळांना तेव्हा वाटले, आता संवादाला तोटा नाही. पण त्या गटांवर आज काय चालते? वरून सूचना येते, खाली पन्नास जण अंगठा दाखवितात. कित्येक ठिकाणी तर फक्त शाळेनेच लिहावे, इतरांनी वाचावे, अशी सोय करून ठेवलेली असते. मग पालक आपला दुसरा गट काढतात, त्यात शिक्षक नसतात, आणि जे शाळेला विचारावयाचे ते सारे तेथे एकमेकांना विचारले जाते. उत्तर ठाऊक असलेला मनुष्य ज्या सभेत नाही, त्या सभेत अफवा जन्मली नाही तरच नवल! सूचनाफलक भिंतीवरून उतरून खिशात आला, एवढाच काय तो फरक.

प्रगतिपुस्तकाची कथा थोडी निराळी आहे, आणि तिच्यावर थोडे थांबणे जरूर आहे. महाराष्ट्रात 2010 पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुणांच्या जागी श्रेणी आल्या. शंभरापैकी एक्याण्णवपासून वर असल्यास अ-1, एक्याऐंशी ते नव्वद अ-2, एकसष्ट ते सत्तर ब-2, अशी ही शिडी खाली इ-2 पर्यंत उतरते. कल्पना उत्तम होती. एका गुणाने मुलामुलांत भांडण लागू नये, आणि शिक्षकाने मुलाचे वर्षभर निरीक्षण करून त्याच्याविषयी शब्दांत लिहावे, म्हणजेच वर्णनात्मक नोंद करावी, हा हेतू होता. ही नोंद म्हणजे खरे तर शाळेने घराला लिहिलेले पत्रच. परंतु प्रत्यक्षात काय झाले? एका वर्गात चाळीस-पन्नास मुले, प्रत्येकाचे आठ विषय, आणि नोंदीसाठी तयार वाक्यांच्या पुस्तिका बाजारात. मग सर्वांच्या पुस्तकात तेच शब्द उतरू लागले. ‘प्रगती समाधानकारक. वाचनाकडे अधिक लक्ष द्यावे.’ हे वाचून बापाने करावे काय? लक्ष कोणी द्यावे, किती द्यावे, कशावर द्यावे?

आता याच्याच शेजारी दुसरी एक नोंद ठेवून पाहा. ‘बेरीज बिनचूक करतो. हातच्याच्या वजाबाकीत दशकातून एक उसना घेतला हे पुढच्या पायरीला विसरतो. घरी सुट्या पैशांचे व्यवहार करू द्यावेत, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहू.’ ही तीन वाक्ये वाचणाऱ्या आईला दोन गोष्टी कळतात. एक, बाईंनी माझ्या मुलाकडे खरोखर पाहिले आहे. दुसरी, मला करता येण्याजोगे काही आहे. विश्वासाचे बीज या पहिल्या गोष्टीत आहे. शिक्षकाला माझे मूल ओळखता येते, अशी एकदा खात्री पटली की पालक त्याचा कडू शेराही ऐकून घेतो. ही खात्री नसेल तर गोड शेराही त्याला खोटा वाटतो. पन्नास मुलांच्या अशा नोंदी दर महिन्यास लिहिणे कोणालाच शक्य नाही, हे आम्ही जाणतो. पण आठवड्याला दोन मुले याप्रमाणे वर्षभरात साऱ्या वर्गाची एकेक खरी नोंद घरी जाऊ शकते, आणि छापील आठ नोंदींपेक्षा ती एकच अधिक काम करते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची जी योजना आहे तीत मुलाने स्वतःचे, सोबत्यांनी एकमेकांचे व शिक्षकाने मुलाचे मूल्यमापन करावे असे सांगितले आहे, आणि हे पत्रक घर व शाळा यांना जोडणारा दुवा व्हावे अशी अपेक्षाही आहे. तयार वाक्यांच्या पुस्तिका याही पत्रकासाठी निघाल्या तर तेही त्याच वाटेने जाईल.

संवादाचा अडसर अनेकदा भाषेतही असतो, आणि याविषयी आपल्याकडे फार संकोचाने बोलले जाते. घरी मराठी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारी माणसे मुलांना इंग्रजी शाळेत घालतात. शाळेकडून येणारे प्रत्येक पत्र इंग्रजीत असते. ते पत्र मूलच वाचून दाखविते, म्हणजे ज्याच्याविषयीची तक्रार तोच दुभाषी! सभेत इंग्रजीत प्रश्न विचारता येत नाही म्हणून हुशार, व्यवहारी बाप मागच्या बाकावर गप्प बसून राहतो, आणि मुख्याध्यापकांची समजूत होते की पालकांच्या काही शंका नाहीत. शिकविण्याचे माध्यम कोणतेही असो, घराशी बोलण्याचे माध्यम घराचेच असावे. यास खर्च काही नाही. त्याच शाळेत मराठी बोलणारे शिक्षक असतात, शिपाई असतात, बसमधल्या मावशी असतात. पालकांना त्या मावशीच अधिक जवळच्या वाटतात, याचा शाळांनी राग मानू नये, त्यावरून काही शिकावे.

घराशी घराच्या भाषेत, घराच्या वेळेस बोलावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी ‘पालकांना शिक्षणाची गोडी नाही’ असा शेरा मारून वही मिटली नाही. बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुले तेथे होतीच. आया दारातून पाहत होत्या. मुलांचे हातपाय धुवायचे, नखे काढायची, मग गाणी, मग खेळ, हे सारे आयांच्या डोळ्यांदेखत चाले. शाळेत काय करतात हे कोणी सांगावे लागले नाही. या अंगणातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द निघाला, आणि 1975 साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर तो देशभर गेला. पुढे 1957 मध्ये हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत, तेव्हा कुरणशाळा निघाली. मोठ्या मुलींना धाकटी भावंडे सांभाळावी लागत, तेव्हा शाळेला पाळणाघर जोडले गेले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेला तो ‘विकासवाडी’चा प्रयोग होय.

या कामातली आम्हाला विशेष वाटणारी गोष्ट अशी की, मूल शाळेत का येत नाही याचे उत्तर त्यांनी कार्यालयात बसून ठरविले नाही. मुलीच्या कडेवर भावंड आहे, हे पाहिले आणि कडेवरच्या भावंडाची सोय केली. आजच्या शहरातील पालकाच्याही कडेवर असे काही ना काही असते. चार घरी पोळ्या करणाऱ्या बाईला मंगळवारी सकाळी अकराच्या पालकसभेस येता येत नाही. आली तर त्या दिवसाचे पैसे बुडतात, शिवाय कामाच्या घरचे बोलणे खावे लागते. रिक्षावाल्याचा धंदा त्याच वेळेचा असतो. माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपनीत रात्रपाळी करणारा बापही त्या वेळी झोपलेला असतो. आणि सभा संपल्यावर शाळेत शेरा लिहिला जातो की पालक उदासीन आहेत. रविवारी सकाळी किंवा सायंकाळी सातला एकदा सभा बोलावून पाहावी, आणि त्या शिक्षकांना दुसऱ्या दिवशी बदली सुट्टी द्यावी. शिक्षकांनाही घर आहे, ही गोष्ट पालकांनी, आणि शिक्षणखात्यानेही, विसरता कामा नये. निवडणुकीची व जनगणनेची कामे कायद्याने त्यांच्याकडेच आहेत. गमतीची गोष्ट ही की, त्या कामांसाठी गुरुजी घरोघर जातात. फक्त स्वतःच्या वर्गातल्या मुलाच्या घरी जाण्यास त्यांना सवड उरत नाही.

कायद्याने पालकास काय दिले आहे, याचीही माहिती फार थोड्यांना असते. 2009 चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे, अनुदानाचा विनियोग पाहणे, ही तिची कामे. शाहू महाराजांच्या काळी ज्याला दंड होत असे त्याच पालकाच्या हाती या कायद्याने हिशेबाची वही दिली! खासगी शाळांपुरता महाराष्ट्राचा 2011 चा शुल्क विनियमन अधिनियम आहे. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या काढून नेमावयाची असते, आणि व्यवस्थापनाने नवी फी या समितीपुढे हिशेबासह मांडावयाची असते. चिठ्ठीची युक्ती आम्हाला फार शहाणपणाची वाटते. शाळेच्या मर्जीतले चार पालक दरवर्षी निवडून येण्याचा मार्ग तिने अडतो.

पण समिती कागदावर असणे निराळे. कित्येक ठिकाणी सभेची वही मुलाच्या हाती घरी येते, आई जेथे बोट दाखविले तेथे सही करते, आणि सभा झाली असे लिहिले जाते. यात फसवणुकीपेक्षा आळस अधिक असतो, हे कबूल. तरी त्या आईला एक गोष्ट नेमकी समजते. आपली सही हवी आहे, आपले मत नको आहे.

हे सर्व किरकोळ वाटत असेल, तर 2024 च्या ऑगस्टमधील बदलापूरची आठवण करणे भाग आहे. तेथील एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठावे लागले. 20 ऑगस्टला संतप्त लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले, आणि लोकलगाड्या कित्येक तास बंद राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. शासनाने शाळांतून सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याचा आदेश काढला. कॅमेरे हवेतच. परंतु त्या प्रसंगातला खरा प्रश्न कॅमेऱ्याने सुटणारा नव्हता. घाबरलेली आई शाळेच्या दारी येऊन ‘माझी मुलगी असे असे म्हणते’ हे सांगते, त्या पहिल्या घटकेस शाळा काय करते? ती आधी स्वतःच्या नावाचा विचार करते की मुलीचा? लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा 2012 चा कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. असा प्रकार कळताच पोलिसांना खबर देणे बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ती न दिल्यास त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ‘आधी आमची चौकशी होऊ द्या’ असे म्हणण्यास कायद्यात जागा नाही.

पण कायद्याच्याही अलीकडची एक गोष्ट आहे. चार वर्षांची मुलगी आईजवळ तुटक शब्दांत काही सांगते. आई ते शाळेत सांगावे की न सांगावे, या विचारात पडते. ‘उगाच काहीतरी बोलतील, मुलीवरच डूख धरतील’ अशी भीती तिला वाटली तर दोन दिवस जातात. ती भीती त्या दिवशी उत्पन्न झालेली नसते. जूनमध्ये डब्याविषयी विचारायला गेली तेव्हा शिपायाने फाटकावरूनच परत लावले, सप्टेंबरमध्ये सहीसाठी वही आली, दिवाळीनंतर फीबद्दल मुलाला वर्गात उभे केले. अशी ती साठत आलेली असते. म्हणून आम्ही म्हणतो की, काही तक्रार नसताना जे बोलणे होते त्याच्या बळावरच संकटातले बोलणे होत असते. विहीर आग लागल्यावर खणता येत नाही, ही म्हण शाळांच्या कार्यालयात लावून ठेवण्याजोगी आहे.

आता पालकांच्या बाजूविषयी. येथे जमलेल्या मंडळींत पालक अधिक, तेव्हा थोडे स्पष्ट बोलल्यास राग नसावा. मूल घरी येऊन सांगते ते खरे मानून त्याची बाजू ऐकावी, हे योग्यच. पण ऐकणे आणि निकाल देणे यांत अंतर आहे. मुलासमोर ‘तुझ्या बाईंना काही येत नाही’ असे म्हणणारा बाप दुसऱ्या दिवसापासून त्या बाईंचे शिकवणे मुलापुरते बंद करून टाकतो. शिक्षकाचे नाव घेऊन शंभर पालकांच्या गटावर तक्रार लिहिणे तर त्याहून वाईट, कारण ती तक्रार मागे घेता येत नाही. शिक्षा हा तक्रारीचा योग्य विषय आहे. 2009 च्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली आहे आणि त्या बाबतीत पालकाने गप्प बसू नये. परंतु पाच गुण कमी का पडले, माझ्या मुलीला नाटकात राणीचे काम का नाही, यासाठीही तोच आवाज काढला की खऱ्या तक्रारीचा आवाज त्या गलबल्यात बुडतो. तक्रार आधी वर्गशिक्षकाकडे, मग मुख्याध्यापकांकडे, मग समितीकडे न्यावी. ती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मात्र ही पायरी-पायरी सोडून सरळ पोलिसांकडे जावे.

शाळेनेही पोच देण्यास कचरू नये. पुष्कळ मुख्याध्यापकांना तारीख घालून सही दिली म्हणजे आपण अडकलो असे वाटते. उलट, ज्याच्या हाती पोच आहे तो पालक आठ दिवस शांतपणे वाट पाहतो. ज्याच्या हाती काही नाही तो दुसऱ्याच दिवशी चार जणांना घेऊन येतो.

सध्या उन्हाळ्याची सुट्टी आहे. जूनच्या मध्यास शाळा उघडतील आणि जुलैत बहुतेक ठिकाणी पहिली पालकसभा होईल. रिवाज असा आहे की या सभेत मुख्याध्यापक नियम वाचून दाखवितात, फीचे वेळापत्रक सांगतात, आणि शेवटी ‘काही शंका?’ असे विचारतात, तेव्हा सर्वजण घड्याळाकडे पाहतात. या वर्षी एखाद्या शाळेने नियमांचा कागद हाती देऊन टाकावा व त्या वेळात वर्गशिक्षकाने प्रत्येक पालकाला बाकावर शेजारी बसवून पाच मिनिटे एवढेच विचारावे: तुमचे मूल घरी कशात रमते, कशाला घाबरते, आणि आम्हाला ठाऊक असावे असे काही आहे काय? उत्तरे एका वहीत लिहून घ्यावीत. चाळीस पालकांस पाच मिनिटे म्हणजे साडेतीन तासही लागत नाहीत. दोन दिवसांत वाटून घेतल्यास कोणालाच भार नाही. शाळेने असे काही योजिले नसेल, तर पालकांनी आपणहून ही तीन उत्तरे अर्ध्या कागदावर लिहून वर्गशिक्षकांच्या हाती द्यावीत, आणि कागदाच्या खाली आपण कोणत्या वेळी भेटू शकतो ते लिहावे.